डबड्यांना नावं देणारे सर

आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राचे एक सर होते. त्यांच्यासमोर कुणी कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावला की ते हातातलं काम टाकून पुढे यायचे आणि घरी पाहुणा आल्यासारखे अदबीनं उभे राहायचे.

“आला,” ते हळूच म्हणायचे. “आता आत विचारपूस चाललीय. कोणत्या कंपनीचा, मॉडेल काय, अंगावरचा नंबर काय. आपल्याला ऐकू येत नाय, पण चाललीय.”

पेन ड्राइव्ह लावणारा बिचारा हॉल तिकीट छापायला आलेला असायचा. तोही नकळत कान देऊन पाहायचा.

सरांचा सगळा जीव लिनक्सवर. त्यात नियमांची एक फाईल असते. यंत्राला बाहेरून काहीही जोडलं, माऊस असो की मायक्रोस्कोप, की आधी ही फाईल बघितली जाते. वस्तू अमुक असेल तर तिला तमुक नाव द्या, अमक्यालाच वापरू द्या, ती येताच अमुक काम सुरू करा, अशी हुकमांची यादी. हे नियम आपल्याला हवे तसे लिहिता येतात. जगातल्या बहुतेकांना ही फाईल असते हेच माहीत नसतं आणि त्यांचं काही अडतही नाही. सरांचं अडायचं. त्यांचं म्हणणं, नियम लिहिला नाही तर यंत्र आलेल्याला नुसता क्रमांक देतं. आधी आला तो शून्य, मागून आला तो एक. उद्या दुसरा आधी आला तर तो शून्य.

“ही काय रीत झाली का?” क्रांती चौकातल्या चहाच्या टपरीवर ते कपासकट हात उडवत म्हणायचे. “आवं, यष्टीत रुमाल टाकून धरलेली सीट हाय का ही? ज्याला त्याला त्याचं नाव पाहिजे. लई साधी गोष्ट हाय, इतिहास!”

इतिहास म्हणजे मी. मी तो विषय शिकवत असे. प्रत्येक यंत्राला त्याचं स्वतःचं नाव हवं म्हणून भांडणारा हा माणूस सहकाऱ्यांना मात्र विषयावरून हाक मारायचा. शेजारी बसणाऱ्या बाईंना ‘अर्थशास्त्र’ म्हणायचा आणि त्यात त्याला काही विसंगती दिसायची नाही.

ते छावणी भागात भाड्याच्या घरात राहायचे. त्या घरात एकाच कॉम्प्युटरला दोन कीबोर्ड होते. एक लावला की अक्षरं मराठी उमटायची, दुसरा लावला की इंग्रजी. हाही नियमांचाच प्रताप. पहिला वहिनींचा, दुसरा सरांचा. मी एकदा चुकून वहिनींच्या कीबोर्डला हात लावला तर सर दचकून म्हणाले, “तो नको, तो तिला ओळखतो.” वहिनी आतून म्हणाल्या, “कीबोर्ड तरी ओळखतो म्हणायचा! ह्यांना भाजीत मीठ पडलंय का नाय ते कळत नाय, पण माऊस कुणाचा ते क्लिकवरून सांगतात.” सरांनी ही तक्रार आहे हे मानलंच नाही. “बरोबर सांगतो की नाय?” त्यांनी मलाच विचारलं.

शहराचं नाव बदललं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले आणि दोन्ही तटांना अचानक इतिहास फार कळायला लागला. सर डबा खाता खाता म्हणाले, “आमच्यात एका वस्तूला हवी तेवढी नावं देता येतात. सगळी एकाच जागी पोचतात.” दोन्ही तटांनी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला. दोन्ही तटांचं एकमत झालेला तेवढाच मुद्दा.

त्यांच्या नियमांचा कॉलेजनं सर्वांत जास्त उपभोग घेतला तो मात्र नकळत. प्राचार्यांचा एक सोनेरी पेन ड्राइव्ह होता. त्यात ‘एकविसाव्या शतकातील उच्चशिक्षण’ या विषयावरचं एक सादरीकरण होतं. समोर कुणीही बसलेलं असो, पालक असोत, माजी विद्यार्थी असोत की रक्तदाते असोत, प्राचार्य तेच दाखवत. सरांनी सभागृहातल्या कॉम्प्युटरमध्ये एक नियम लिहून ठेवला. हा अमुक नंबरचा पेन ड्राइव्ह आत आला की कँटीनमधली घंटा वाजली पाहिजे. कँटीनवाल्याला एवढंच सांगितलेलं, घंटा वाजली की चहा उकळायला घ्यायचा. तेव्हापासून शतकाचा पहिला दशांश संपायच्या आत गरम चहा यायचा आणि पुढचं शतक सुसह्य व्हायचं. प्राचार्य निवृत्तीच्या भाषणात सद्‌गदित होऊन म्हणाले, “मी बोलायला उभा राहिलो आणि चहा आला नाही, असं या संस्थेत कधी झालं नाही.” सर पहिल्या रांगेत बसून अतिशय गंभीरपणे टाळ्या वाजवत होते.

आता पोहण्याच्या स्पर्धेचं सांगतो. ती सांगितल्याशिवाय सर पुरे होणार नाहीत.

त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आमच्याकडे होत्या. पोहण्यात दोन मुली एकदमच भिंतीला हात लावतात, एक पंच म्हणतो ही, दुसरा म्हणतो ती, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याची मुलगी जिंकते. सरांनी ठरवलं की हे बंद करायचं. त्यांनी प्रत्येक रांगेच्या, म्हणजे लेनच्या, टोकाला भिंतीवर रबरात गुंडाळलेली एक पाटी बसवली. पाटीला हात लागला की तिच्या वायरीतून काठावरच्या एका छोट्या डब्यात इशारा जायचा, डब्यातून कॉम्प्युटरमध्ये, आणि मोठ्या पडद्यावर त्या रांगेची वेळ उमटायची. रांगा सहा, डबे सहा. सर त्यांना लाडानं ‘डबडी’ म्हणायचे.

अडचण एकच होती. डबड्यांतल्या चिपा ज्या दुकानातून आणल्या, तिथं सगळ्यांवर कारखान्यानं एकच नंबर ठोकलेला निघाला. सर तक्रार घेऊन गेले तेव्हा मी बरोबर होतो. दुकानदार शांतपणे म्हणाला, “सर, सब जुड़वा भाई हैं. नंबर कायको अलग होना?”

नंबर एकच, तर ओळखायचं कसं? मग सरांनी नियम जागेवरून लिहिला. सगळ्या वायरी ज्या पट्टीत खुपसतात, तिच्या पहिल्या भोकात जो असेल तो पहिली रांग, दुसऱ्यात दुसरी. हे लिहिताना ते नाखूश होते, पण चाचण्या झाल्या, सगळं बिनचूक चाललं, आणि नाखुशी विसरली गेली.

सरांचा जीव अडकला होता तो रेणुकात. ती त्यांच्याच वर्गातली, देवगाव रंगारीची, म्हणजे सरांच्याच गावची. पोहायला विहिरीत शिकलेली. विहिरीत वळायला जागा नसते म्हणून ती भिंतीला पाय लावून अशी काही उलटायची की शहरातल्या प्रशिक्षकांनी तोंडात बोटं घालावीत. तिच्या वडिलांचा या सगळ्याला विरोध होता. सर दोनदा देवगावला जाऊन त्यांच्या ओट्यावर बसून आले. शेवटी वडील म्हणाले, “ह्या साली इद्यापीठाच्या टीममधी घेतली तर पुढं. नाय तर बास. मंग कालेज न् घर.” प्रत्येक शर्यतीतल्या पहिल्या मुलीलाच टीममध्ये घेणार होते. रेणुकाच्या दोन शर्यती होत्या. सकाळी लहान पल्ल्याची, दुपारी मोठ्या.

पहिल्या दिवशी प्राथमिक फेऱ्या सुरळीत झाल्या. अंतिम फेरीचा दिवस नेमका खंडेनवमीचा आला. आमचे क्रीडा संचालक हा मुहूर्त सोडणाऱ्यांतले नव्हते. रुंद छातीचे, गळ्यात कायम शिट्टी, आणि ती घरी लग्नकार्यातही असते अशी वदंता होती. प्रमुख पाहुणे यायच्या आत सगळ्या यंत्रांची पूजा झाली पाहिजे, असा त्यांनी हुकूम काढला. सर तेव्हा पाण्याच्या पलीकडच्या काठावर शेवटची पाटी घट्ट करत होते. मी ध्वनिक्षेपकाशी झटत होतो, कारण निवेदन माझ्याकडे होतं. आम्ही आलो तेव्हा कॉम्प्युटरच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि पाहुण्यांचं भाषण सुरू झालं होतं. पाण्यात उतरण्याचे फायदे त्यांनी इतके सांगितले की मुली काठावर कुडकुडायला लागल्या.

मग भोंगा झाला.

मी आयुष्यात खेळांविषयी कधी उत्तेजित झालेलो नाही, पण त्या शर्यतीत मी ध्वनिक्षेपकावर काय ओरडलो ते मला आठवत नाही आणि इतर कुणी सांगायला तयार नाही. चौथ्या रांगेत रेणुका, पाचव्या रांगेत छावणीतली मिताली. एका फौजी अधिकाऱ्याची मुलगी, लहानपणापासून तलावात वाढलेली. शेवटच्या काही हातांत दोघी अशा बरोबरीनं आल्या की जणू दोघींना कुणी एकाच दोरीनं ओढतंय. हात टेकले. एक पंच म्हणाला चार, दुसरा म्हणाला पाच. सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. पहिली: रांग चार.

देवगावचे चार-पाच जण प्रेक्षकांत होते, पण आवाज आख्खं गाव आल्यासारखा झाला. रेणुकाचे वडील उठून उभे राहिले आणि टोपी काढून हातात धरून तसेच उभे राहिले, आता पुढं काय करायचं असतं ते माहीत नसल्यासारखे. सर भोंग्याच्या जागेवरून पळत आले, मला मिठी मारली, संचालकांना मारली, आणि वायरींच्या पट्टीजवळ येऊन खाली वाकले.

पट्टी लख्ख पुसलेली होती. तिच्या एकेका भोकाच्या कडेला हळदीकुंकवाचं नाजूक बोट लावलेलं होतं. वायर खुपसलेली असताना तिथं बोट जाऊच शकत नव्हतं.

“साहेब,” सर संचालकांना म्हणाले, “पूजा तुम्ही केली?”

“स्वतः!” संचालक म्हणाले. “वरच्यावर नाही केली. एकेक वायर काढली, पुसली, टोकाला हळदकुंकू लावलं.”

“आन् परत लावली कशी?”

“घट्ट लावली.”

“कोणती कुठं?”

संचालकांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू तांब्यातलं पाणी कुठल्या नळाचं होतं असं कुणी विचारलंय. “सहा वायरी, सहा भोकं. सगळी भरली ना?”

सर काठावर गेले, बुटांसकट गुडघ्यावर बसले आणि चार नंबरच्या पाटीवर हात मारला. पडद्यावर पाच उमटलं. पाचवर मारला. चार उमटलं. बाकीच्या चारही पाट्या तपासल्या, त्या जागच्या जागी होत्या. नेमक्या ह्या दोनच.

ते परत आले तेव्हा त्यांची पँट भिजली होती आणि चेहरा पार उतरला होता. संचालक त्यांच्या कानाशी लागले. “सर, पाहुणे हार घेऊन उभे आहेत. पोरगी तुमच्याच गावची. कुणाला काय कळतंय?”

“मला कळलंय ना आता,” सर म्हणाले. “त्याचं काय करू?” मग माझ्याकडे वळून, “इतिहास, सांगून टाका.”

मी सांगितलं. निकाल बदलला, पहिली मिताली. देवगावचा आवाज बंद झाला. मितालीनं आधी आपल्या आईकडे पाहिलं, मग रेणुकाकडे, आणि आनंद करायचा की नाही हे तिला ठरवता येईना. पाहुण्यांनी हार तसाच पुढे नेऊन तिच्या गळ्यात घातला. त्यांचा काही खोळंबा झाला नाही.

रेणुका अंगावर टॉवेल लपेटून सरळ सरांसमोर आली.

“सर, मंग मी हरले का?”

“व्हय.”

“मशीन चुकलं का?”

“मशीन नाय चुकलं. मी त्याला जागा बघून वळखायला शिकवलं, त्यानं तेच केलं. मी चुकलो.”

तिनं त्यांच्याकडे बघितलं. विहिरीत उडी मारायच्या आधी माणूस तळ बघतो तसं. मग म्हणाली, “मंग दुपारच्या आत नीट करा की. रडायला काय झालं?”

सर रडत नव्हते, पण वेळेवर सांगितलं हे बरं झालं.

तिचे वडील पिशवी उचलून निघाले होते. सर त्यांना दारात आडवे गेले. “भाऊ, दुपारची एक शर्यत राह्यलीय. थांबा.”

“आता कामून थांबू सर? सकाळी डोळ्यांनी बघितलं पोरगी पहिली आली. मंग म्हन्ले नाय आली. दुपारी काय म्हनाल?”

“जे असंल तेच म्हणीन. सकाळी म्हन्लोच की नाय?”

वडील पिशवी मांडीवर घेऊन परत बसले.

मग स्कोअरच्या टेबलाखाली सरांनी संसार मांडला. सगळी डबडी उघडली, लॅपटॉप मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर. मी समोर नुसता बसून होतो, कारण दुसरा कुणी ऐकायला नव्हता आणि सरांना श्रोता नसला की हात चालत नसे.

“मी देवगाव का सोडलं माहितीय का?” ते टाईप करता करता म्हणाले. “गावात नवा माणूस दिसला की नाव मागून विचारतेत. आधी विचारतेत, कोणत्या आळीतला? आळी कळली की मंग त्याला नाव असलं काय, नसलं काय. मला त्याचा लई राग. म्हणून हितं आलो, नोकरी धरली. आन् काय केलं? सहा डबडी होती माझ्या हातात, त्यांना मीच आळ्या पाडून दिल्या. ह्या भोकातला तू चार, त्या भोकातला तू पाच!”

“पण नंबर सारखेच होते. तुम्ही तरी काय करणार?”

“विचारायचं!” ते ओरडले. टेबलावरचं पाणी हललं. “अंगावर काय लिहिलंय ते नाय बघायचं, बसलाय कुठं ते नाय बघायचं. सरळ त्यालाच विचारायचं, बाबा रे, तू कोण? प्रत्येक डबड्यात आता त्याचं नाव घालून ठेवतो. वायर जोडली की नियमानं आधी डबड्याला विचारायचं, डबड्यानं सांगायचं, मग नाव द्यायचं. एवढंच!”

“एवढं सोपं होतं तर आधी का नाही केलं?”

“आळस,” सर म्हणाले, “आन् माज. सगळं चाललं होतं ना!”

चूक केल्याचं दुःख संपून चूक सापडल्याची मजा सुरू झाली होती, आणि सरांच्या बाबतीत ह्या दोन अवस्थांमध्ये फार अंतर कधीच नसे. एकेक डबडं तयार झालं की ते मला हाक मारून दाखवायचे. “विचारलं! बोललं! तीन म्हन्लं!” जणू पाळण्यातलं लेकरू पहिल्यांदा बोललंय.

दुपारी संचालकांनी जाहीर केलं की यंत्र अशुभ असल्यामुळे आता हातातल्या घड्याळांवर निकाल होईल. यंत्राची पूजा त्यांनीच केलेली होती हे कुणी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही. सर पुढे झाले. “साहेब, एक परीक्षा घ्या. कुणीही या, सगळ्या वायरी उपटा, वाटेल तिथं लावा. एक जरी पाटी चुकली तर मी यंत्र घेऊन घरी जातो.”

उपटायचं काम प्रमुख पाहुण्यांनी हौसेनं पत्करलं. फीत कापावी तशी त्यांनी एकेक वायर ओढली आणि प्रत्येक वेळी छायाचित्रकाराकडे पाहिलं. लावायला मात्र रेणुका आली. तिनं वायरींचा पार गुंता करून टाकला, डोळे मिटले आणि हाताला येईल ती वायर सापडेल त्या भोकात खुपसली. मग ती आणि मिताली काठावर गेल्या आणि दोघींनी एकेक पाटी दाबत नेली. एकला एक. दोनला दोन. तीन. चार. पाच. सहा. प्रत्येक आकड्याला प्रेक्षक ओरडत होते. शर्यत सुरू व्हायच्या आधीच लोकांचे घसे बसले.

“मला तरी चालंल,” रेणुका म्हणाली.

“मलाही,” मिताली म्हणाली. संचालकांनी घड्याळ खिशात टाकलं आणि शिट्टी वाजवली. कशासाठी, ते स्पष्ट झालं नाही.

मोठ्या पल्ल्याची शर्यत. रेणुका पुन्हा चौथ्या रांगेत. मितालीनं सुरुवातीलाच हातभर आघाडी घेतली आणि पहिल्या भिंतीपर्यंत टिकवली. तिथं रेणुकानं ते विहिरीतलं वळण घेतलं. पाण्याखाली गेली ती दिसेनाच. वर आली तेव्हा ती मितालीच्या पुढे होती. मी उभा राहिलो, माझ्याबरोबर टेबलही उभं राहिलं असं वाटलं. तिचे वडील पिशवी खाली टाकून “पाय मार! पाय मार!” म्हणत काठाकाठानं धावत होते आणि दोन स्वयंसेवक त्यांच्या मागं. शेवटी शेवटी तर दोघींमध्ये आख्खं माणूस मावेल एवढं पाणी होतं. रेणुकानं हात टेकला, मागं वळून पाहिलं, आणि मग मिताली आली. पंच लागणार नव्हते. यंत्र तर नव्हतंच लागणार. सगळा तलाव तिच्याकडे बघून नाचत होता, पडद्याकडे एकानंही पाहिलं नाही.

एक सोडून. सर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाण्याकडे पाठ करून पडद्यासमोर उभे होते.

रेणुका पाणी निथळत, धापा टाकत पळत आली. मागून वडील, टोपी कुठंतरी पडलेली.

“सर! पाह्यलं का?”

“पाह्यलं की!” सर म्हणाले. “चारची वेळ चारलाच आली. बरोबर!”

“म्हंजे मला नाय पाह्यलं?”

“तुला काय पाह्यचं, बाई?” सर म्हणाले. “तुझी खात्री होती. धाकधूक त्या डबड्याची होती.”